साडेतीन महिन्यांचं बाळ, पॉम्पे आजार निघाला – औषध सुरू करावं का? अनुभव असेल त्यांनी लिहा

कृष्णाकाठ:

नमस्कार. मी कऱ्हाडजवळच्या गावचा. इथं वाचतो बरंच, लिहितोय पहिल्यांदा. चूकभूल पोटात घाला.

बहिणीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडेच झालं. मुलगा, २ किलो ९०० ग्रॅम. बारसं झालं, सगळं व्यवस्थित. दुसऱ्या महिन्यापासून दूध पिताना कपाळावर घामाचे थेंब यायला लागले. दहा-बारा घोट घेतले की दमून सोडून द्यायचा आणि भुकेनं परत रडायचा. आई म्हणाली, उन्हाळा आहे. मान धरेना, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, आळशी असतात काही मुलं. काखेत हात घालून उचललं तर हातातून सटकतोय असं वाटतं. जीभही जरा बाहेर असते.

दोनदा न्यूमोनिया म्हणून अ‍ॅडमिट केलं. दुसऱ्या वेळच्या एक्सरेत हृदय छातीभर दिसलं. पुण्याला टूडी इको केला, हृदयाच्या भिंती जाड झाल्यात म्हणाले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, नात्यात लग्न आहे का? आहे. बहीण आत्याच्या घरीच दिली आहे. मग टाचेला टोचून जाड कागदावर रक्ताचे चार गोल थेंब घेतले. नवव्या दिवशी रिपोर्ट आला : जीएए नावाचं एन्झाइम जवळजवळ नाहीच. पॉम्पे. जीन्सचा रिपोर्ट यायचा आहे. घरात आजी सगळ्यांना सांगते, "पंपाचा आजार आहे." तसं चुकीचं नाही म्हणा.

मॅडम म्हणाल्या, औषध आहे, दर पंधरा दिवसांनी, जन्मभर, आणि फार महाग. मुंबईला जा, उशीर करू नका. आता घरात दोन तट पडलेत. आत्या, म्हणजे बहिणीची सासू, म्हणते की बरं होणार नसेल तर त्या जिवाला सुया टोचून हाल कशाला, एवढा पैसा कुठून आणायचा. दाजी गप्प आहेत. ते माझे आतेभाऊच, लहानपणापासून ओळखतो, पण आता काय बोलावं कळत नाही. बहीण रात्रभर बाळाच्या छातीवर हात ठेवून बसते.

विचारायचं असं : औषधानं खरंच फरक पडतो का? जीन्सचा रिपोर्ट येईपर्यंत थांबावं का? पैशाचं लोकांनी काय केलं? आणि खरं सांगा, पुढं मूल कसं असतं? गोड बोलून धीर नको. तो खूप जणांनी दिलाय.

---

शुद्धतूप:

साखर साठण्याचा आजार आहे ना? मग साखर-ग्लुकोज पूर्ण बंद करा, आईनेही गोड खाऊ नये. जुनं गायीचं तूप छातीला चोळा. आमच्या भागात एक वैद्य आहेत, नंबर व्यनि करतो.

---

एकाआड_गुरुवार:

शुद्धतूप, रागावू नका, पण असल्या सल्ल्यात आमचे अडीच महिने गेले होते, म्हणून आधी हेच खोडून काढते. या आजारात रक्तातली साखर नॉर्मल असते. बिघाड पेशीच्या आत आहे. प्रत्येक पेशीत टाकाऊ माल मोडीत काढायच्या बारक्या पिशव्या असतात, लायसोसोम म्हणतात. तिथं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, फोडायला जीएए एन्झाइम लागतं. ते नसलं की पिशव्या फुगत जातात आणि स्नायूंच्या पेशी आतून फुटतात. हृदय, मांड्या, श्वासाचा पडदा, जीभ, सगळीकडे. आईनं पेढा खाल्ला काय न खाल्ला काय, काडीचा फरक पडत नाही. उलट दूध पाजणाऱ्या बाईला उपाशी ठेवू नका.

आता कृष्णाकाठ, तुमच्यासाठी. दादा, लांबलचक होईल, पण सगळं लिहिते. हे मला कोणी लिहून दिलं नव्हतं.

आम्ही नाशिकचे. माझी थोरली २०१३ ची. तुमच्या भाच्याचं वर्णन वाचताना मी मध्येच उठून पाणी पिऊन आले. घाम, सटकणं, जीभ, सगळं तेच. ती सातव्या महिन्यात गेली. कागदावर कारण होतं न्यूमोनिया आणि हृदयाचा अशक्तपणा. पॉम्पे हा शब्द त्या सात महिन्यांत आमच्यापुढे कोणी उच्चारला नाही.

तिचा एक ईसीजी मात्र मला आजही डोळ्यापुढे दिसतो. काढणारा मुलगा नवखा होता. पट्टी बाहेर येत होती आणि काळ्या रेघा इतक्या उंच की वरच्या ओळीतली रेघ खालच्या ओळीत घुसत होती. त्यानं मशीनला थाप मारली, छातीवर चिकटवलेल्या वायरी काढून परत लावल्या, जेल पुसून पुन्हा लावलं, दुसरी पट्टी काढली. तीच गत. शेवटी म्हणाला, "मशीन बिघडलंय, मॅडम," आणि रेघा निम्म्या उंचीच्या करून तिसरी पट्टी दिली. फाईलला ती लागली. पहिल्या दोन गुंडाळून कचऱ्यात टाकत होता, त्या मी का कोण जाणे मागून घेतल्या. तिच्या नावाचा कागद टाकवेना, एवढंच कारण.

२०१७ ला मुलगा झाला. मी तिसऱ्याच दिवशी हटून बसले की इको करा. सासूबाई म्हणाल्या, हिनं आल्या आल्या अपशकुन काढला. इकोत हृदयाचा मधला पडदा जाड निघाला. मुंबईला नेलं तेव्हा थोरलीची प्लास्टिकची पिशवी बरोबर होती. डॉक्टरांनी त्या दोन पट्ट्या टेबलावर उलगडल्या आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग पेनानं दाखवलं : हे उंच सुळके म्हणजे जाड झालेल्या हृदयाची वीज, आणि त्याच्या आधीचं हे छोटं अंतर, पीआर म्हणतात, ते असायला हवं त्याहून आखूड आहे. तान्ह्या बाळात या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की पॉम्पेचा विचार आधी करायचा. मशीन चांगलं होतं, दादा. चार वर्षं ती पट्टी माझ्या कपाटात साड्यांखाली पडून होती.

पहिला डोस मुलाला एक्केचाळिसाव्या दिवशी मिळाला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. तेच आईबाप, तोच जनुकातला बिघाड, तेच घर. एक सात महिन्यांची गेली. दुसरा आता तिसरीत आहे आणि काल त्यानं माझ्या फोनचा पासवर्ड बदलला.

पण तुम्ही गोड बोलू नका म्हणालात, तर पुढचंही ऐका. हृदयाला औषध फार छान लागू पडतं. आमच्याकडे सहा महिन्यांत पडदा बराच उतरला, वर्षाच्या इकोत डॉक्टर "जवळजवळ नॉर्मल" म्हणाले. हातापायाच्या स्नायूंचं तसं नसतं. जे फुटून गेलं ते परत येत नाही, म्हणून तर घाई. माझा मुलगा अठराव्या महिन्यात बसता झाला, तीन वर्षांचा असताना पायाला स्प्लिंट लावून चालला. लांब जायचं तर व्हीलचेअर. बोलणं नाकातून येतं, नवख्या माणसाला पहिली पाच मिनिटं कळत नाही. दोन्ही कानांना मशीन. चकली-शेंगदाणे नाहीत, ठसका लागतो. साधी सर्दी झाली तरी घरात सगळे दबक्या पावलांनी चालतो. तिसऱ्या वर्षी पाय पुन्हा ढिले वाटले तेव्हा डोस दुप्पट केला. सगळ्या मुलांचं एकसारखं होत नाही. आमच्याबरोबर सुरू केलेली एक मुलगी धावते. एक मुलगा औषध चालू असताना व्हेंटिलेटरवर गेला आणि परत आला नाही. त्याला पहिला डोस सातव्या महिन्यात मिळाला होता.

थांबावं का? जीन्सच्या पूर्ण रिपोर्टसाठी औषधाची तयारी अडवून धरू नका. अर्ज, बेड, इको, सगळं आजपासून चालू करा. औषधाविना या बाळांपैकी बहुतेक वर्षाच्या आत जातात, त्यातले आठवडे टपाल खात्याला देऊ नका.

फक्त एक गोष्ट पहिल्या डोसच्या आधी विचारायचीच. वहीत मोठ्या अक्षरात लिहा : क्रिम. काही बाळांच्या शरीरात हे एन्झाइम थोडं, बिघडलेलं का होईना, तयार होतं. ती क्रिम पॉझिटिव्ह. काहींत अजिबातच होत नाही, ती क्रिम निगेटिव्ह. अशा बाळाच्या शरीराला बाहेरून दिलेलं एन्झाइम शत्रू वाटतं. ते अँटिबॉडी बनवतं आणि एवढं मोलाचं औषध वाया जातं. आधी सुधारलेलं बाळ पुन्हा घसरतं. म्हणून त्यांना पहिल्या डोसच्या आसपासच रिटुक्सिमॅब, मेथोट्रेक्झेट आणि बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देऊन प्रतिकारशक्तीला जरा झोपवतात. नावं ऐकून घाबरू नका, मीही घाबरले होते. कॅन्सरची औषधं म्हणून कोणीतरी घरी सांगितलं आणि सासऱ्यांनी अर्धा दिवस गाडीच काढली नाही. जनुकातला बिघाड कळला की क्रिमचा अंदाज बहुतेक वेळा त्यावरून बांधता येतो, म्हणून तो रिपोर्ट लवकर द्या असा लॅबच्या मागे लकडा लावायचा. वाट पाहणं वेगळं, तगादा लावणं वेगळं.

पैसा. आमच्या वेळी सरकारी काहीच नव्हतं. औषध बनवणाऱ्या कंपनीच्या धर्मादाय कार्यक्रमातून मिळालं, डॉक्टरांनीच अर्ज केला. आता २०२१ चं राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण आहे. त्यात पॉम्पे तिसऱ्या गटात येतो. २०२२ च्या मे महिन्यापासून कुठल्याही गटातल्या रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ती हातात मिळत नाही, ठरवून दिलेल्या केंद्रातूनच उपचार होतात. आपल्याकडे परळचं केईएम हे तसं केंद्र आहे. पिवळं रेशनकार्ड असायलाच हवं अशी अट नाही, हे मुद्दाम लिहिते. आमच्या ओळखीतल्या एकानं केशरी कार्ड म्हणून अर्जच केला नव्हता. पण ५० लाख ही जन्माची शिदोरी नाही. डोस वजनावर असतो. बाळ वाढतं तसं औषध वाढतं आणि पैसा भराभर सरतो. म्हणून धर्मादाय कार्यक्रमाचा अर्जही त्याच आठवड्यात करायला सांगा, सरकारी पैसे संपायची वाट बघू नका.

आणि औषध फुकट मिळालं तरी सगळं फुकट होत नाही. पहिली दोन वर्षं आम्ही एकाआड एक गुरुवारी पहाटे उठून नाशिकरोडहून पंचवटीनं मुंबई गाठायचो. यांचे पगार कापले गेले, माझी नोकरी गेली. स्प्लिंट दर वर्षी नवे. फिजिओ आठवड्याला तीनदा. हे गणित आधी मांडा, म्हणजे चौथ्या महिन्यात घरात भांडण होणार नाही. आमच्याकडे झालं.

आत्याबाईंबद्दल एकच सांगते. त्यांना वाईट ठरवू नका. माझ्या सासूबाई हेच बोलल्या होत्या. नंतर कळलं की यांच्या आधीचं त्यांचं एक बाळ असंच पाच-सहा महिन्यांत गेलं होतं. कोणी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. त्याला हाच आजार होता का, ते आता कळायला मार्ग नाही. पण बाळाला वाचवता येतं हे त्यांच्या अनुभवातच नव्हतं.

---

जुनी_सिस्टर:

मी मिरजेची, बालरुग्ण विभागात ३१ वर्षं काढून निवृत्त झाले. पॉम्पेची बाळं दोनच पाहिली, पण एन्झाइमच्या सलाईनी बऱ्याच लावल्या, गॉशे, एमपीएस अशा एन्झाइमच्याच कमतरतेच्या दुसऱ्या आजारांच्या. एकाआड_गुरुवार ताईंनी मोठं सगळं लिहिलंच आहे, मी हाताशी लागणारं सांगते.

औषध कुपीत पांढरी पूड असतं. एका कुपीत ५० मिलिग्रॅम. डोस किलोमागे २० मिलिग्रॅम. म्हणजे बाळ ५ किलोचं होईपर्यंत दोन कुप्या, पाच ओलांडले की तिसरी फोडावी लागते. डोसच्या दिवशीचं वजन म्हणून नीट करून घ्या, लंगोट काढून. कुपीत पाणी सोडायचं ते काचेच्या कडेनं, पुडीवर धार मारायची नाही. हलवायची तर नाहीच. नव्या मुली सवयीनं अँटिबायोटिकसारखी खडखडवतात. फेस आला की गेलं. नुसती तिरकी करून हळू फिरवायची, निरांजन ओवाळताना ताम्हन फिरवतो तशी. दहा मिनिटं लागली तर लागू देत. मग बारीक फिल्टरमधून, सुरुवातीला अगदी थेंबथेंब, दर अर्ध्या तासाला वेग वाढवत, साधारण चार तास. पहिल्या काही डोसांत अंगावर गांधी, ताप, खोकला, चेहरा लाल असं होऊ शकतं. असं दिसलं की आधी सिस्टरला हाक मारा, फोटो नंतर काढा. बहुतेक वेळा सलाईन थांबवून, औषध देऊन, हळू वेगानं पुन्हा सुरू करता येतं.

दोन गोष्टी कुठल्याही हॉस्पिटलात पाऊल टाकताच सांगायच्या. एक, या बाळाला भूल देणं धोक्याचं असतं. जाड हृदय भुलीच्या औषधानं एकदम थांबू शकतं. शिरेत औषध सोडायला कातडीखाली पोर्ट बसवायचं असो की आणखी काही, भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधी कळलं पाहिजे. दोन, हृदय मोठं दिसलं म्हणून रात्रीच्या ड्यूटीवरचे डॉक्टर लघवी वाढवायचं औषध ठोकून देतात. हे हृदय पातळ होऊन फुगलेलं नाही, जाड झालेलं आहे. फार पाणी काढलं तर ते रिकामं पडतं. आपण डॉक्टरला शिकवायचं नाही, पण "आमच्या हृदयाच्या डॉक्टरांना एक फोन करता का?" एवढं विचारायला कोणाची भीती नको.

पाजताना डोकं वर, थोडं थोडं, वारंवार. नाकातून नळी घालू म्हणाले तर बहिणीला सांगा, दूध पाजण्यात तू कमी पडलीस असा त्याचा अर्थ नाही. बाळाची ताकद श्वासासाठी वाचते.

---

रॉटरडॅमकर:

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण राहतो त्या गावाचा या औषधाशी संबंध आहे म्हणून लिहितो. १९३२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला योहानेस पॉम्पे या डॉक्टरनं सात महिन्यांच्या मुलीच्या शवविच्छेदनात अवाढव्य हृदय पाहिलं, त्याचं नाव आजाराला. हा माणूस पुढे नाझींविरुद्धच्या गुप्त चळवळीत होता. प्रयोगशाळेत रेडिओ ट्रान्समीटर लपवला होता. पकडला गेला आणि एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला काही आठवडे राहिले असताना, त्याला गोळी घातली.

एन्झाइमची कमतरता हे कारण १९६३ मध्ये बेल्जियममध्ये हेर्स यांनी शोधलं. आणि १९९९ मध्ये इथं रॉटरडॅमला चार तान्ह्या बाळांना पहिल्यांदा हे एन्झाइम दिलं. ते कुठून आणलं होतं? सशांच्या दुधातून! मानवी जनुक घातलेल्या सशिणी पाळल्या होत्या, त्यांचं दूध काढून. सशाचं दूध काढायचं यंत्र कसं असेल यावर मी एक अख्खा रविवार घालवला आहे. पुढे कारखान्यात पेशी वाढवून बनवायला लागले. सहा महिन्यांच्या आत औषध सुरू केलेल्या १८ बाळांचा अभ्यास झाला, ती अठराच्या अठरा दीड वर्षाची होईपर्यंत जगली. २००६ मध्ये औषधाला मान्यता मिळाली.

तैवानमध्ये २००५ पासून नवजात बाळांचं टाचेचं रक्त या आजारासाठी तपासतात. त्यामुळे तिथं औषध काही दिवसांच्या बाळाला सुरू होतं, एक्केचाळिसाव्या दिवसाचीही गरज पडत नाही. आणि कॅनडात ओटावाला २०२१ मध्ये आईच्या पोटातच असलेल्या बाळाला, नाळेच्या शिरेतून, हेच एन्झाइम दिलं गेलं. त्या घरातल्या आधीच्या दोन मुली याच आजारानं गेल्या होत्या. म्हणून तर त्यांना आधी माहीत होतं.

एकाआड_गुरुवार, हे तुम्हाला वाचताना कसं वाटेल असा विचार करून दोनदा खोडलं. मग राहू दिलं.

---

एकाआड_गुरुवार:

राहू दे. ओटावाचं मला माहीत होतं. ती बातमी मी थोरलीच्या पिशवीत ठेवली आहे.

---

कृष्णाकाठ:

सगळ्यांना मनापासून. रात्री घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, सिस्टर मावशींचं ताम्हनाचं वाक्य दोनदा. दाजी ससे ऐकून पहिल्यांदा हसले. उद्या पहाटे मुंबईला निघतोय. पुण्याचा ईसीजी मूळ प्रतीसकट घेतलाय.

एक स्वतःबद्दल विचारू का? मी सत्तावीसचा, घरात माझ्या लग्नाचं बोलणं चालू आहे, मामाच्या मुलीचं नाव आहे. मलाही हा आजार असेल का?

---

एकाआड_गुरुवार:

तुम्हाला आजार नाही. तुमच्यात फार तर त्या जनुकाची एक बिघडलेली प्रत असेल, दुसरी चांगली. अशा माणसाला वाहक म्हणतात, त्याला काही होत नाही. मी आणि माझे यजमान दोघेही तसेच, आणि यजमान तर सिंहगड चढून येतात. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. प्रत्येक वेळी नव्यानं चारात एक, हे नीट ऐका. एक झालं म्हणजे पुढची तीन सुटली असं नसतं.

तुमच्या बहिणीला ती प्रत बहुधा तुमच्या वडिलांकडून आली असणार, कारण ते आणि आत्या सख्खी भावंडं. तसं असेल तर तुमच्यात ती असण्याची शक्यता निम्मी. भाच्याचा नेमका बिघाड कळला की तुमची त्या एकाच जागेची तपासणी सोपी असते. मामाकडचं घराणं वेगळं, पण लग्नाआधी जनुकतज्ज्ञांना एकदा भेटाच, त्या मुलीलाही घेऊन. बहिणीला पुढं मूल हवं असेल तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा तपासून कळतं. हे आज तिला सांगू नका. आज नको.

---

शुद्धतूप:

मी वर लिहिलेलं मागे घेतो. माहिती नव्हती. काही वर्गणी जमवायची असेल तर सांगा.

---

कृष्णाकाठ:

पाच आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, मुंबईत फोनच चार्ज नसायचा.

क्रिमचं मी विचारलं तेव्हा तिथल्या मॅडम वहीकडे बघून म्हणाल्या, "हे कुणी लिहून दिलं?" जीन्सचा रिपोर्ट आला, एकच बिघाड दोन्हीकडून. त्यावरून निगेटिव्ह धरून तीन औषधं आधी सुरू केली. सरकारी अर्ज गेलाय, मंजुरी यायची आहे. पहिले डोस धर्मादायमधून मिळाले. वजन ४ किलो ७००, म्हणजे दोन कुप्या. सिस्टर मावशी, फेस नाही आला. मी काचेतून बघत होतो, ती मुलगी अगदी हळू फिरवत होती. दुसऱ्या डोसला पोटावर गांधी उठल्या, तासभर थांबवून पुन्हा लावलं.

हृदयाचं एवढ्यात काही सांगता येणार नाही म्हणतात, इको तीन महिन्यांनी. मला दिसलेलं एवढंच की परवा बाटलीतलं साठ मिली दूध त्यानं न थांबता संपवलं. घाम आला, पण कपाळावरच, उशी भिजली नाही. नळी अजून आहे.

अँटिबॉडीची तपासणी पुढच्या महिन्यात. दाजींनी कंपनीत बोलून रात्रपाळी घेतलीय, म्हणजे डोसच्या दिवशी येता येईल.

एकाआड_गुरुवार ताई, तुमच्या सासूबाईंचं वाचून दाखवलं त्या रात्री आत्या उठून आत गेली होती. गेल्या आठवड्यात तिनं सांगितलं. दाजींच्या आधीची एक मुलगी होती. चार महिन्यांची. नाव पण ठेवलं होतं. आमच्या वडिलांनासुद्धा हे आठवत नव्हतं, की बोलायचं नाही असं ठरलं होतं, देव जाणे.

पुढचा डोस सोमवारी आहे. आत्या विचारतेय की ती आली तर चालेल का, बाळाजवळ बसायला.

---

एकाआड_गुरुवार:

चालेल की. सर्दी-खोकला असेल तर मात्र बरं होईपर्यंत नको. आणि घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्या, आत्याबाईंनीही. बाळाच्या नेहमीच्या लसींचं डॉक्टरांना विचारूनच, या तीन औषधांनंतर काही लसी पुढं ढकलतात.

सलाईन लागली की बाळाचा तो हात कुणीतरी सारखा धरून ठेवावा लागतो, चार तास. त्यांना ते काम द्या.